‘माय डॅड अँड आय’ज’: काठाचा एस अखेर सापडला

मंडळी, ही नोंद महिनाअखेरीला टाकायची असं ठरवलं होतं. पण काल रात्री इंग्रजीत ‘अँड’ने जोडलेल्या दोघांच्या मालकीची गाठ सुटली आणि आता दम निघत नाही.

कर्त्याच्या जागेवरचं ‘मी अँड हिम’ (हा ‘मी’ इंग्रजी, कर्माचा) आणि कर्माच्या जागेवरचं ‘यू अँड आय’ हे दोन गठ्ठे मागच्याच खेपेला बांधून ठेवले. १९९२ च्या प्रचारात बिल क्लिंटन ‘गिव्ह अल गोर अँड आय अ चान्स’ म्हणाले, लोकांनी नाकं मुरडली, आणि १९९४ साली भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी त्यांची पाठराखण केली. ‘अँड’ने जोडलेला अख्खा गट कर्म असला, तरी आतल्या प्रत्येक सर्वनामाने कर्माचं रूप घेतलंच पाहिजे असं नाही. अख्खा गट अनेकवचनी असतो, आतला एकेक जण एकवचनीच राहतो, तसंच हे. मला ते पुरतं पटलेलं आहे. त्यामुळे त्यावर पुन्हा काथ्याकूट नको.

अडलं होतं ते मालकीपाशी. बाबांचं आणि माझं मिळून एक दुकान आहे, हे रोजच्या इंग्रजीत कसं सांगायचं? व्याकरण सांभाळणारे ‘माय डॅड’ज अँड माय शॉप’ लिहितात. दुसरे ‘माइन अँड माय डॅड’ज शॉप’ म्हणतात. बोलताना ‘मी अँड माय डॅड’ज शॉप’ सर्रास येतं. आणि चौथं, ज्याने माझी झोप उडवली ते: ‘माय डॅड अँड आय’ज शॉप’. बोलणारे चांगले शिकलेले असतात, इंग्रजी त्यांची मातृभाषा असते, आणि तरी तोंडातून ‘आय’ज’ निघतं. ‘आय’ला एस लागतो असं कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. मग हे येतं कुठून?

आधी कोकात, म्हणजे आजच्या अमेरिकी इंग्रजीच्या मजकूरसंग्रहात, शोधलं. तिथे अॅपॉस्ट्रॉफी एस हा सुटा शब्द धरलेला असतो, म्हणून ‘आय’ आणि एस यांच्यामध्ये जागा सोडून शोधायचं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. शोधल्यावर समोर काय यावं? ‘डॉट द आय’ज अँड क्रॉस द टी’ज’! वाक्प्रचारातली आय नावाची अक्षरं! पानामागून पान तेच. ती चाळून काढेपर्यंत फुकट खात्याची दिवसाची मर्यादा संपली. एनग्राम (पुस्तकांतले शब्द मोजणारं गूगलचं साधन) या कामाला निरुपयोगी आहे हे माझं मत आता पक्कं झालंय. तिथे पुस्तकं आहेत, आणि पुस्तकातला ‘आय’ज’ संपादकाच्या लाल शाईतून वाचत नाही. रोजच्या बोलण्यासाठी बीएनसीचा (ब्रिटिश इंग्रजीच्या मजकूरसंग्रहाचा) २०१४ चा बोलीभाषेचा संच सगळ्यांत सरस: १ कोटी १५ लाख शब्द, २०१२ ते २०१६ या काळात लोकांनी आपापल्या गप्पा स्वतःच रेकॉर्ड करून दिलेल्या. नोंदणी फुकट आहे. ज्यांनी अजून केली नसेल त्यांनी आजच करा.

तर काल रात्री भाची नववीचं इंग्रजी घेऊन बसली होती. वहीत चौकट आखून तिने लिहिलं होतं: २-३-१. आधी समोरचा, मग तिसरा, शेवटी स्वतः. यू, ही अँड आय. मला दाखवत म्हणाली, “मावशी, बाई म्हणतात आय आधी लिहिलं की उद्धटपणा दिसतो.” आणि माझी नजर त्या चौकटीतल्या शेवटच्या एकावर खिळली.

इंग्रजीतला मालकीचा एस मालकाला लागतच नाही, तो शब्दसमूहाच्या काठाला लागतो. ‘द किंग ऑफ स्पेन’ज डॉटर’ मध्ये मुलगी राजाची, पण एस चिकटला स्पेनला, कारण तो काठावर आहे. सोलापुरी चादर कितीही रुंद असो, दशा तिच्या काठालाच असतात, तसा हा एस. आता ‘मी अँड माय डॅड’ बघा. काठावर डॅड आहे, साधं नाम. एस निमूट लागतो, कुणाला खटकतही नाही. पण शाळेने सभ्यपणा शिकवून स्वतःला शेवटी ढकललं की काठावर येतो ‘आय’. मालकीसाठी सर्वनामाला ‘माय’ हे तयार रूप आहे, म्हणून एरवी ‘आय’ला एसची गरजच पडत नाही. इथे मात्र ‘माय’ घातलं तर ‘माय डॅड अँड माय शॉप’ होतं, म्हणजे एक बाबा आणि एक दुकान! गटाचा मेळच तुटतो. म्हणून बोलणारा ‘डॅड अँड आय’ हा शाळेने बांधून दिलेला गठ्ठा न सोडता तसाच उचलतो आणि त्याच्या काठाला एस लावतो. म्हणजे ‘आय’ज’ जन्मतो तो अडाणीपणातून नाही, २-३-१ च्या शिस्तीतून!

आपल्याला हे चटकन का दिसत नाही तेही उमगलं. मराठीत ‘मी आणि बाबा’ म्हणताना ‘मी’ आधी आला तर कुणी उद्धट म्हणत नाही. आणि मालकीला आपण ‘बाबांचं आणि माझं’ असं दोघांनाही वेगवेगळं रूप देतो. ‘माझं दुकान’ आणि ‘दुकान माझं’, दोन्हीकडे ‘माझं’ एकच. इंग्रजीत तिथेच ‘माय’ आणि ‘माइन’ अशी फाळणी आहे. (शिवाय त्यांचा कर्माचा ‘मी’ आपल्या कानाला कर्त्याचा ‘मी’ वाटतो. म्हणून उदाहरणं टिपायच्या कार्डांवर त्यांचा ‘मी’ मी हिरव्या शाईने लिहिते, नाहीतर दुसऱ्या दिवशी मलाच कळत नाही.)

ही फाळणी खरंच त्रास देते का, हे ताडायला ‘हिज’ कामाला आलं. ‘हिज शॉप’ आणि ‘द शॉप इज हिज’, रूप एकच. म्हणून ‘हिज अँड हिज डॅड’ज शॉप’ अडखळत नाही. ‘माय अँड माय डॅड’ज शॉप’ म्हणून बघा, ‘माय’ नामाविना लोंबकळत राहतं. ‘हिज’चं पहिलं कार्ड लिहून झालं तेव्हा मी एकटीच टाळी वाजवली.

‘हर’ मात्र लबाड निघालं. ‘हर अँड हर डॅड’ज शॉप’: यातलं पहिलं ‘हर’ मालकीचं की कर्माचं? दोन्हीचं रूप एक. मालकीचं धरलं तर ‘माय अँड माय डॅड’ज’सारखं, कर्माचं धरलं तर ‘मी अँड माय डॅड’ज’सारखं. वाक्याच्या आतून निकाल लागणं शक्यच नाही. म्हणून ‘हर’ची सगळी कार्डं वेगळ्या डब्यात, त्यांना मोजणीत घेणार नाही. ‘यू’ही तसंच, कर्ता आणि कर्म सारखेच.

हे लिहिता लिहिताच ठरवलं की कार्डं सर्वनामाप्रमाणे लावणं बंद. आता काठाप्रमाणे: काठावर नाम, काठावर सर्वनाम, आणि अनिर्णित. सगळी पुन्हा लिहावी लागतील, पण नवी पेठेतून आणलेली जाड कार्डं अजून शिल्लक आहेत. त्यांवर शाई फुटत नाही. ऑनलाइन मागवलेल्यांवर फुटते, कुणी घेऊ नका.

एक गट मात्र कुठल्याच डब्यात बसत नाही: सरळ ‘अवर शॉप’ म्हणून मोकळे होणारे. शेजारच्या तेलुगू अक्का नवऱ्याला ‘मा आयना’ म्हणतात, शब्दशः ‘आमचे हे’, आणि घर एकाचं असलं तरी ‘मा इल्लु’. तसं इंग्रजही करत असणार, आणि माझा कयास असा की सगळ्यांत जास्त तेच करत असणार. पण टाळलेलं वाक्य शोधायचं कसं? ‘अवर’ शोधलं तर समुद्र येईल. कुणाला युक्ती सुचली तर जरूर कळवा.

पुढची नोंद ‘दॅन मी’ की ‘दॅन आय’ यावर येणार होती. ती मागे ठेवते. या मालकीच्या नादात जोडवाक्यं खुणावायला लागली आहेत: ‘रवी कॉल्ड हिज वाइफ अँड सुनील डिड टू.’ सुनीलने कुणाच्या बायकोला फोन केला? इंग्रजीत दोन्ही अर्थ बसतात. मराठीत ‘रवीने आपल्या बायकोला फोन केला आणि सुनीलनेही’ म्हटलं की मला तरी सुनीलची स्वतःचीच बायको ऐकू येते, आणि ‘त्याच्या बायकोला’ म्हटलं की शंका उरते. घरातल्या चार माणसांना ही दोन्ही वाक्यं ऐकवा, कोण कुठला अर्थ घेतं ते टिपा, आणि घरात तेलुगू किंवा कानडी बोलणारं कुणी असेल तर त्यांच्याकडून त्यांच्या भाषेतलं वाक्यही घ्या.