ईगलनेस्टला जाताना: परवाना, सुमो आणि बुगूनांचं जंगल

अरुणाचलमधल्या ईगलनेस्ट अभयारण्यात पक्षी बघायला जायचं पक्कं झालं की पक्ष्यांच्या पुस्तकाआधी ओळखपत्र शोधावं लागतं. अरुणाचल प्रदेशात शिरायला भारतीय माणसालाही इनर लाइन परमिट लागतं. मूळ नियम १८७३ चा, इंग्रजांनी आपला व्यापार आणि मळे सांभाळण्यासाठी केलेला. आज त्याचाच आधार घेऊन तिथले लोक आपली जमीन सांभाळतात. फॉर्म ऑनलाइन भरता येतो: फोटो, ओळखपत्र, कुठल्या नाक्यातून शिरणार, कुठे-कुठे जाणार.

एवढं सोपं काम, पण त्यात मराठी बाईच्या नावाचा घोळ असतोच. माझ्या मैत्रिणीच्या आधारवर सासरचं आडनाव, पॅनवर माहेरचं आणि मधलं नाव एकीकडे वडिलांचं, दुसरीकडे नवऱ्याचं. मी तिला एवढंच म्हटलं, "अगं, नाक्यावर जे कार्ड दाखवणार आहेस त्याच्यावरचं नाव अक्षर न् अक्षर तसंच टाक." अरुणाचलच्या वेशीवरच्या भालुकपोंगच्या नाक्यावरचा पोलीस खरोखरच बोट ठेवून नाव वाचत होता. परवान्याच्या कागदी प्रती जास्तीच्या ठेवाव्यात. मोबाइलवर दाखवू म्हणणारे पर्यटक रेंज शोधत नाक्याभोवती फिरताना आम्ही पाहिले.

गुवाहाटीपर्यंत विमान, तिथून तेजपूर. तेजपूरहून वर जायला सुमो, आणि ती भल्या पहाटे निघते. मधल्या रांगेतली जागा आदल्या दिवशीच सांगून ठेवावी, नाहीतर मागच्या आडव्या बाकावर कोबीच्या पोत्यांशेजारी बसून घाट चढावा लागतो. भालुकपोंगला आसाम संपतो आणि कामेंग नदीच्या कडेने चढण सुरू होते. नेचिफूच्या खिंडीत धुकं इतकं असायचं की गाड्या तासन् तास अडकत. २०२३ साली तिथे बोगदा सुरू झाला, तेव्हापासून तेवढा ताप वाचला. दरडींचा मात्र वाचलेला नाही. आमच्या पुढे रस्त्यावर माती आली होती आणि बुलडोझर येईपर्यंत सगळे खाली उतरून चहा पीत होते. चिडलेले आम्ही दोघीच. वेळापत्रकात एक दिवस मोकळा सोडा, हे मी आता जो विचारेल त्याला सांगते.

टेंगा हे लष्कराची छावणी असलेलं खोऱ्यातलं गाव. तिथून थोडं वर सिंगचुंग, आणि इथून खरा परवाना सुरू होतो.

सिंगचुंग हे बुगून लोकांचं गाव. बुगून ही पश्चिम कामेंगमधली लहानशी जमात, अवघी काही हजारांची. १९९५ साली रमणा आत्रेय यांना या जंगलात ओळखू न येणारे पक्षी दिसले. आत्रेय पेशाने खगोलशास्त्रज्ञ, पुढे पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत आले. पुढे २००५ मध्ये पुन्हा दिसले आणि २००६ मध्ये ती नवीन जात म्हणून जाहीर झाली: बुगून लिओसिक्ला. भारतात पन्नासहून अधिक वर्षांनी सापडलेली पक्ष्याची नवी जात. नव्या जातीचा नमुना म्हणून एक पक्षी मारून संग्रहालयात ठेवण्याची प्रथा आहे. इथे पक्षी इतके थोडे होते की फोटो, आवाजाची मुद्रणं आणि हाती आलेली पिसं यांवरच वर्णन लिहिलं गेलं आणि पकडलेला पक्षी सोडून दिला. नाव दिलं ते जमातीचं, शोधणाऱ्याचं नाही.

गावानेही ते नाव अंगावर घेतलं. अभयारण्याला लागून असलेली आपल्या मालकीची सतरा चौरस किलोमीटर जमीन त्यांनी २०१७ मध्ये सामुदायिक राखीव वन म्हणून जाहीर करवून घेतली. गावातली तरुण मुलं तिथे गस्त घालतात. पाहुण्यांकडून वन विभागाचं शुल्क वेगळं आणि गावाचं वेगळं घेतलं जातं. आमच्याबरोबरच्या एका गटातले काका "दोनदा कशाला?" म्हणून कुरकुरत होते. मला तर दुसरी पावतीच जास्त पटली. सह्याद्रीत किती देवरायांच्या कडेला आज प्लॉट पडलेत ते आपण बघतोच आहोत.

लामा कॅम्प साधारण २,३५० मीटरवर आहे. तंबू, चुलीवरचा भात, डाळ, आणि चीज घालून शिजवलेली मिरचीची भाजी, जी आपल्या ठेच्यावर वाढलेल्या माणसाच्याही डोळ्यांत पाणी आणते. घड्याळ मात्र पार बिघडतं. एप्रिलमध्ये पाचच्या आत लख्ख उजाडतं आणि सहाच्या सुमारास अंधारून येतं, त्यामुळे साडेतीनला उठा आणि आठला झोपा.

लिओसिक्ला आम्हाला दिसला तो असा. रस्त्याच्या वळणावर आमचा वाटाड्या, सिंगचुंगचाच मुलगा, हात वर करून थांबला. खालच्या झाडोऱ्यातून बासरीसारखी एक शीळ उतरत गेली. मैत्रिणीने हळूच विचारलं, "भैया, फोनवर आवाज लावा ना, जवळ येईल." तो म्हणाला, "नहीं दीदी, इसका नहीं बजाते." बस्स, चर्चा संपली. मान दुखेपर्यंत थांबलो. मग बांबूच्या कडेला एक राखट-हिरवा पक्षी वर आला: काळी टोपी, डोळ्यापुढे पिवळा ठिपका, आणि पंख किंचित उघडले तेव्हा त्यात लाल, पिवळा, पांढरा एकदम. फोटो हलला. दुर्बिणीत होता तोवर पुरला.

लामा कॅम्पवरून ईगलनेस्ट खिंड ओलांडली की रस्ता पलीकडे उतरतो. हा रस्ता लष्कराने केलेला. १९५० च्या दशकात इथे रेड ईगल डिव्हिजन होती, तिच्यावरून ईगलनेस्ट हे नाव पडलं. गरुडाचं घरटं शोधणाऱ्यांची तिथे निराशा होते. आज त्या रस्त्यावर जवळपास कुणी नसतं, आणि एकाच रस्त्याने उंच थंड जंगलातून आसामच्या सखल जंगलापर्यंत उतरता येतं. २१८ चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात साडेचारशेहून जास्त जातींचे पक्षी नोंदले गेलेत, त्याचं कारण ही उतरंडच.

खिंडीपलीकडच्या बोम्पूच्या तळाला पोचेपर्यंत जळवा, पाऊस आणि ओले मोजे हे रोजचं झालेलं असतं. मीठ बांधलेली पुरचुंडी आणि गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे यांना पर्याय नाही. मात्र जळवांपेक्षा काळजी हत्तींची. बोम्पूच्या खाली एका सकाळी वाटाड्या लिदीजवळ बसला, पायाने ती उलटली, आतून वाफ निघाली, आणि तो काही न बोलता आम्हाला घेऊन आल्या वाटेने परत निघाला. वॉर्ड्‌स ट्रोगन हा पक्षी त्याच बाजूला होता असं नंतर कळलं. मैत्रीण अजून हळहळते. मला तो निर्णय आवडला, कारण तो आमच्या यादीकडे बघून घेतलेला नव्हता.

जाणाऱ्यांसाठी एवढंच: मार्चअखेर ते मेच्या मध्यापर्यंतचा काळ चांगला. तंबू थोडे असतात, म्हणून राहण्याची सोय गावातल्या माणसांशी बोलून आधी ठरवा, मग विमानाची तिकिटं काढा. रोख पैसे गुवाहाटीतच काढून घ्या. परवान्यावरची शेवटची तारीख परतीच्या सुमोच्या दिवसापेक्षा एक-दोन दिवस पुढची मागा, दरड कुणाची मुदत बघून पडत नाही.