औरस आणि दत्तक

रविवार, रात्र

आज सकाळच्या उपासनेत लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातील वंशावळ वाचली गेली आणि नेहमीप्रमाणे अर्धी मंडळी नावे संपण्याची वाट पाहत बसली. योसेफापासून मागे जात जात दावीद, यहूदा, अब्राहाम, नोहा असे करीत ती यादी आदामापर्यंत पोहोचते आणि तिथेही न थांबता आदामाला देवाचा पुत्र म्हणून मगच संपते. उपासना सुटल्यावर तरुण संघातील एका मुलाने मला अडवून विचारले, “बाई, आदाम देवाचा पुत्र, इस्राएल देवाचा पुत्र, आपणही देवाची लेकरं, मग येशू देवाचा पुत्र म्हणण्यात वेगळं काय राहिलं?” पुढच्या रविवारचा बायबल अभ्यास माझ्याकडे आहे, त्यामुळे उत्तर तेव्हा देते म्हणाले. विचारांची जुळवाजुळव मात्र आजच करून ठेवावी, म्हणून लिहायला बसले आहे.

मुलाचा प्रश्न रास्त आहे. जुन्या करारात पुत्र ही पदवी एकट्यादुकट्याची नाही. ईयोबाच्या पुस्तकात देवासमोर हजर होणारे स्वर्गीय जन देवपुत्र म्हटले जातात. निर्गमाच्या पुस्तकात मोशेने फारोला जो निरोप द्यायचा आहे, त्यात इस्राएल हे विटा थापणारे एक अख्खे गुलाम राष्ट्र देवाचा ज्येष्ठ पुत्र ठरते. पुढे नाथान संदेष्ट्याच्या मुखाने दाविदाला वचन मिळते की त्याच्या वारसाचा देव पिता होईल, आणि त्याच वचनात हेही सांगितले जाते की वारसाने अपराध केला तर त्याला शिक्षा होईल. दुसऱ्या स्तोत्रात सियोनवर बसवलेल्या राजाला ‘तू माझा पुत्र आहेस, आज मी तुला जन्म दिला आहे’ असे म्हटले आहे. तो ‘आज’ राज्यारोहणाचा आहे, पाळण्याचा नव्हे. म्हणजे पुत्र तो, ज्याला निवडून पित्याने आपले काम सोपवले आणि ज्याने पित्याचे ऐकावे अशी अपेक्षा धरली. होशेयाच्या अकराव्या अध्यायात ही अपेक्षा कशी धुळीला मिळाली ते वाचताना आजही गलबलून येते. मिसरातून बोलावून आणलेले, हाताला धरून चालायला शिकवलेले पोर हाक मारावी तसे लांब लांब पळत सुटते.

लूकने ती कंटाळवाणी वंशावळ नेमकी कुठे घातली आहे हे पाहिले, की त्याचा हेतू उघड होतो. अगोदर यार्देनेतील बाप्तिस्मा आणि ‘तू माझा प्रिय पुत्र’ ही वाणी. मग आदामापर्यंतची नावे. आणि लगेच अरण्यातील परीक्षा, जिथे सैतानाचे पहिलेच वाक्य ‘तू देवाचा पुत्र असलास तर’ असे सुरू होते. भरल्या बागेत एक पुत्र घसरला. अरण्यात चाळीस वर्षे दुसरा पुत्र कुरकुरत राहिला. आता तिसरा तशाच अरण्यात चाळीस दिवस उपाशी आहे आणि त्याची तिन्ही उत्तरे ‘अनुवाद’ या ग्रंथातून, म्हणजे इस्राएलाला त्या चाळीस वर्षांची आठवण देणाऱ्या पुस्तकातून, येतात. आधीच्यांना जे जमले नाही ते हा पुत्र करून दाखवतो.

मनुष्याच्या पुत्राविषयीही थोडे सांगावे लागेल, कारण ‘देवाचा पुत्र’ म्हणजे येशूचे देवपण आणि ‘मनुष्याचा पुत्र’ म्हणजे त्याचे माणूसपण, अशी सोपी वाटणी आपल्याकडे सर्रास शिकवली जाते आणि ती मला कधीच पटली नाही. यहेज्केलाला देव पुन्हा पुन्हा याच नावाने हाक मारतो तेव्हा त्यात मर्त्यपणा आहे हे खरे. पण दानिएलाच्या सातव्या अध्यायात मेघांसह येणाऱ्या मानवपुत्रासारख्या कोणाला अक्षय राज्य दिले जाते. मार्कच्या चौदाव्या अध्यायात प्रमुख याजकाने ‘धन्यवादित देवाचा पुत्र तो तूच काय?’ असे विचारल्यावर येशू होकार देतो आणि पुढे दानिएलाचाच मानवपुत्र उभा करतो. तेव्हा याजक आपली वस्त्रे फाडतो. केवळ माणूसपणाच्या दाव्यावर कोणी वस्त्रे फाडत नाही.

आता मूळ प्रश्न. पुनरुत्थानानंतर येशू मग्दालीया मरीयेला सांगतो की मी ‘माझा पिता व तुमचा पिता’ याच्याकडे वर जातो. पिता एकच आहे, पण ‘आपला पिता’ म्हणून दोन्ही नाती तो इथे एकात मिसळत नाही. तो पुत्र आहेच, आपण पुत्र केले जातो. येशू हा साधा माणूस असून देवाने त्याला पुढे पुत्र करून घेतले, असे म्हणणारेही पूर्वी होऊन गेले. तशाच शिकवणीबद्दल अंत्युखियाचा बिशप, समोसाटाचा पौल, याला २६८ साली पदावरून काढले गेले. पुत्र हा पित्याची पहिली निर्मिती होय, असे म्हणणाऱ्या एरियसला ३२५ सालच्या निकैया परिषदेने उत्तर दिले, की तो जन्मलेला आहे, निर्माण केलेला नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर तो औरस.

आणि आपण दत्तक. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की आपल्याला दासपणाचा नव्हे तर दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे, आणि त्याच्या योगाने आपण ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो. गेथशेमाने बागेत येशूने मारलेली हाक तीच. पत्र ज्या शहरात वाचले जाणार होते तिथे दत्तक ही दुय्यम गोष्ट नव्हती. ज्युलियस सीझरने मृत्युपत्राने पुत्र करून घेतलेला ऑक्टेव्हियन पुढे ऑगस्टस झाला, आपल्या नाण्यांवर त्याने स्वतःला दैवत झालेल्या सीझरचा पुत्र म्हणवून घेतले, आणि नंतर त्यानेही तिबेरियसला दत्तकच घेतले. रोमी कायद्यात दत्तक गेलेला मुलगा जुन्या घराच्या सत्तेतून सुटून नव्या घराचा पूर्ण वारस होत असे.

कोल्हापूरकराला हे समजायला रोमपर्यंत जायला नको. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी राणी आनंदीबाईंच्या मांडीवर दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले; त्या वेळी जन्मदाते आबासाहेब घाटगे याच गादीचे रीजंट म्हणून कारभार पाहत होते. दसरा चौकातील पुतळ्यासमोर उभे राहून, महाराज दत्तक होते म्हणून त्यांचे छत्रपतीपण उणे होते असे म्हणून पाहावे, म्हणजे कोल्हापूरकर काय उत्तर देतात ते कळेल! एक भेद मात्र सांगायला हवा. गादीला वारस नव्हता म्हणून तिथे दत्तक घ्यावा लागला. देवाला पुत्र असताना त्याने आपल्याला घेतले, आणि इब्री लोकांस पत्र म्हणते की आपल्याला बंधू म्हणण्याची त्या पुत्राला लाज वाटत नाही. भाऊबंदकीची प्रकरणे पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात चालवणाऱ्या आपल्या मुलखात, वाटेकरी वाढले म्हणून आनंद मानणारा थोरला भाऊ ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

जुन्या दत्तकविधानात मुलीला जागा नव्हती. हिंदू कायद्यात ती १९५६ साली मिळाली. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल नाथानाचे तेच वचन घेतो, पण एका राजाला दिलेले ते वचन सगळ्यांना लागू करताना ‘पुत्र व कन्या’ असे म्हणतो. ही भर मुलींना मुद्दाम दाखवीन.

आम्हा ख्रिस्ती लोकांना मात्र आमच्या वैयक्तिक कायद्याने दत्तक घेता येत नव्हते. २००० चा बालन्याय कायदा आणि त्यातील २००६ ची दुरुस्ती येईपर्यंत १८९० च्या कायद्याखाली फक्त पालकत्व मिळे, तेही मूल सज्ञान होईपर्यंतच. आमच्या नात्यातील एका जोडप्याने वाढवलेल्या मुलीचा कोर्टाचा कागद मी पाहिला आहे. त्यात तिच्या बापाच्या नावापुढे ‘पालक’ लिहिले होते आणि घरात ती त्याला पप्पा म्हणत होती.

अभ्यासाची सुरुवात रोमकरांस पत्राने न करता मत्तयाच्या पहिल्या अध्यायाने करावी असे ठरवते आहे. तिथली वंशावळ दाविदावरून योसेफापर्यंत येते, आणि योसेफ तर येशूचा जन्मदाता नव्हे. दूताने सांगितल्याप्रमाणे त्याने मरीयेला घरात घेतले, बाळाचे नाव येशू ठेवले, आणि त्या नाव ठेवण्याने येशू दाविदाच्या घराण्यात आला. देवाचा औरस पुत्र दाविदाचा पुत्र झाला तो एका सुताराने त्याला आपला म्हटले म्हणून. मुलांना एवढे उलगडले, की रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय समजावून सांगायला फारसा वेळ लागू नये.