आमची वाटचाल : जुन्या टायरपासून रबरी लाद्यांपर्यंत

तुर्भ्याला एपीएमसी मार्केट, कळंबोलीला लोखंड बाजार आणि पलीकडे न्हावा-शेव्याचं बंदर. ट्रक-ट्रेलरची वर्दळ रात्रंदिवस चालूच असते, त्यामुळे आमच्या भागात झिजलेल्या टायरांना तोटा नाही. थोरल्या बंधूंनी आणि मी रबाळे एमआयडीसीत भाड्याचा गाळा घेतला तो याच भरवशावर.

तेव्हा सगळं हाताचं काम होतं. नायलॉनचा टायर कारागीर पात्याला पाणी लावत लावत सोलायचे. कोरडं पातं रबरात अडकतं, ओलं असलं की सरसर जातं. त्यातून पट्टे निघायचे, वॉशर निघायचे, बांधकामावरची घमेली व्हायची आणि गोदामाच्या धक्क्याला लावायचे बंपरही. माल स्वस्त आणि वर्षानुवर्षं टिकणारा. पुढे ट्रकही रेडियल टायरवर गेले. रेडियलच्या पोटात पोलादी तारांचे थर असतात, तिथे हाताचं पातं चालत नाही. धंदा बंद करायचा की यंत्र घ्यायचं, एवढाच प्रश्न उरला. कर्ज काढून टायर फाडणारा श्रेडर आणि त्याचा चुरा करणारा ग्राइंडर घेतला.

गंधक घालून एकदा पक्कं केलेलं रबर प्लास्टिकसारखं वितळवून पुन्हा ओतता येत नाही. त्याचा चुराच करावा लागतो. चुंबकाने तार वेगळी काढायची, हवेने नायलॉनचे तंतू उडवायचे, मग उरलेला चुरा बाइंडरमध्ये, म्हणजे चिकटवणाऱ्या रसायनात, कालवून साच्यात दाबायचा. आमच्याकडे चुंबकावरून गेलेला चुरा पांढऱ्या ताटात पसरून पुन्हा हाताने पाहतात. केसाएवढी तारही लादीतून वर आली तर अनवाणी पायात घुसते.

जुना टायर निरुपद्रवी नसतो, हे या धंद्यात लवकर कळतं. पावसाळ्यात त्यात पाणी साचलं की डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने जगतात. म्हणून आमच्याकडे टायर छपराखालीच असतात. आग लागली तर आणखी कठीण, कारण टायरच्या पोकळीत हवा भरपूर असते आणि आतल्या बाजूला पाणी पोचत नाही. ढीग लहान ठेवतो, दोन ढिगांत मोकळी वाट सोडतो. जागेचं भाडं वाढतं ते वाढू दे. बाइंडर सुकेपर्यंत त्याची वाफ छातीला त्रास देते. हवेतल्या ओलाव्यावरच तो घट्ट होत असल्याने पावसाळ्यात मिश्रण लवकर पकडतं आणि कामगारांची घाई होते. त्या घाईत मास्क खाली येऊ नये म्हणून पावसाळ्यात एका वेळी थोडंच कालवतो.

सर्वांत जास्त विचार करायला लावला तो मुलांच्या खेळण्याच्या जागांनी. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांकडून घसरगुंडीखालच्या लाद्यांची मागणी येऊ लागली. काँक्रीटवर डोकं आपटण्यापेक्षा रबर शंभर पटीने बरं, यात मला शंका नाही. पण टायरच्या रबरात जस्त असतं, तेलांतून आलेली काही घातक हायड्रोकार्बन असतात. युरोपने २०१० पासून नव्या टायरांतल्या अशा तेलांवर मर्यादा घातली. शिवाय काळी लादी एप्रिल-मेच्या उन्हात चटके देते. आम्ही खाली टायरच्या चुऱ्याचा जाड थर देतो आणि वर नव्या रंगीत ईपीडीएम रबराचा. किंमत वाढते, काही ऑर्डरी हातच्या जातात. थराची जाडी मात्र झोपाळा-घसरगुंडीच्या उंचीवरूनच ठरते, बजेटवरून नाही.

याच विचाराने एक काम आम्ही घेतच नाही. ठाणे-नवी मुंबईत टर्फची, म्हणजे कृत्रिम गवताची, मैदानं वाढली, तिथे गवताच्या पात्यांमध्ये पसरायला मोकळा चुरा लागतो. मागणी मोठी आणि मेहनत कमी. चुरा करायचा, गोणी भरायची. खेळाडूंच्या शरीरात त्यातून फार काही जात नाही, असं अमेरिकी सरकारी अभ्यासात दिसलं आहे, आणि ते मी मान्य करतो. प्रश्न पाण्याचा आहे. मोकळा चुरा बुटांतून, पावसातून गटारात जातो आणि गटार खाडीत. टायरमधल्या एका रसायनापासून तयार होणारा पदार्थ कोहो सॅल्मन माशांना मारतो, हे अमेरिकेत २०२० मध्ये सिद्ध झालं. युरोपने २०२३ मध्ये नियम करून मैदानांवरच्या अशा चुऱ्याच्या विक्रीला २०३१ पर्यंतच मुदत दिली. आमची ठाणे खाडी फ्लेमिंगोंची, २०२२ पासून रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीतली. बाइंडरने बांधलेलं रबर आम्ही विकतो, सुटं नाही.

२०२२ च्या केंद्रीय नियमांनी टायर कंपन्यांवर जुन्या टायरांची जबाबदारी टाकली : पहिल्या वर्षी ३५ टक्के, नंतर ७०, आणि २०२४-२५ पासून १००. पुनर्वापर करणाऱ्याचं प्रमाणपत्र त्यांना विकत घ्यावं लागतं, त्यामुळे आमच्यासारख्या छोट्यांनाही कागदोपत्री किंमत आली. पायरोलिसिसवाले टायर तापवून तेल काढतात, ते जास्त भाव देतात. तरी आम्ही त्यांना माल देत नाही, कारण टायरचा चुरा करून वस्तू करता येत असताना तो जाळणीच्या तेलात घालवणं मला पटत नाही.

सध्या सर्वाधिक काम गोदामांच्या बंपरचं आणि पार्किंगमधल्या चाक-अडवणीचं आहे. बंद खोलीतल्या लाद्यांसाठी विचारणा झाली की आम्ही वास आणि उष्णता सांगतो, आणि हवा खेळती नसेल तर दुसरं काही बसवायला सुचवतो. भाज्यांच्या वाफ्यासाठी टायर मागणाऱ्यांना नाही म्हणतो. शोभेच्या झाडांसाठी मात्र तळाला भोकं पाडून देतो.