पुन्हा तेच मढं

घरातले सगळे झोपले की मी कधीमधी एक जुना स्पॅनिश सिनेमा लावतो. बायको कूस बदलत विचारते, "पुन्हा तेच मढं?" शब्द अगदी नेमका आहे.

आमांदो दे ओसोरियो यांचा १९७२चा 'ला नोचे देल तेरोर सिएगो'. अमरत्वापायी माणसांचं रक्त पिणाऱ्या टेम्पलर सरदारांना, म्हणजे क्रुसेडच्या काळातल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांना, मध्ययुगात मारलं, कावळ्यांनी त्यांचे डोळे टोचून खाल्ले. आता ते रात्री मठातल्या थडग्यांतून उठतात आणि दिसत नाही म्हणून आवाजाच्या मागावर येतात. गोष्ट म्हणून एवढंच.

खोडी काढायच्या तर रात्र पुरणार नाही. रात्रीचे प्रसंग भर दुपारी चित्रित केल्याचं सावल्याच सांगतात. सांगाड्याचे हात म्हणजे उघड उघड हातमोजे. घोडे स्लो मोशनमध्ये दौडतात, तरी धडधाकट माणसं त्यांच्या तावडीत सापडतात! याच मालिकेतल्या १९७४च्या तिसऱ्या सिनेमातलं भुताचं जहाज तर इतकं खेळण्यातलं, की त्याला आग लागते तेव्हा हसू आवरत नाही.

पण तेच संथ घोडे दिसले की मी हसायचा थांबतो. झूल पांघरलेले, धुक्यातून तरंगत यावेत तसे येतात. टापांचा आवाज, घंटा आणि आंतोन गार्सिया आब्रिल यांचं ते घशातल्या घशात घुमणारं संगीत. पैसा असता तर ओसोरियोंनी मठाचा झकपक सेट उभारला असता. नव्हता, म्हणून खरा पडका मठ मिळाला. त्या भिंतींवरचं गवत कुठल्याही कलादिग्दर्शकाने लावलेलं नाही. आगगाडीतून उडी मारून आलेली एक मुलगी तिथे एकटीच मुक्काम करते, रेडिओ लावते. बराच वेळ काहीच घडत नाही. हल्लीचा संकलक हा भाग पहिल्यांदा कापेल. मला नेमका तोच हवा असतो.

शेवटाकडे दुसरी एक बाई भिंतीला चिकटून उभी राहते. ओरडत नाही, हलत नाही. तरी ते वळतात, कारण तिच्या काळजाचे ठोके त्यांना ऐकू येतात. इथे मी दर वेळी रिमोटने आवाज कमी करतो. बायको झोपलेली असते म्हणून, असं मी स्वतःला सांगतो.

मग स्वयंपाकघरात फ्रिज गुरगुरायला लागतो. त्याला गप्प कसं करणार?