आमची वाटचाल: बॅकिंग म्हणजे भेसळ नव्हे

मासेमारीच्या रीलवर लाइन, म्हणजे गळाची दोरी, भरून देणं हा आमचा धंदा. आधी मोनो, म्हणजे नायलॉनचा एकसंध तंतू, भरायचो, पुढे बारीक धाग्यांची विणलेली ब्रेडेड लाइन आली आणि काम वाढत गेलं. ती वर्षं सुरळीत गेली. पण एका स्पर्धकानं आमचं दुकान जवळजवळ बंद पाडलं, ते मात्र सांगायलाच हवं.

‘हे लोक खाली नायलॉन भरून तुम्हाला फसवतात,’ ही भेसळ आहे, असा त्यानं बोभाटा केला. ब्रेडेडखाली भरलेल्या या मोनोलाच बॅकिंग म्हणतात. स्वतः तो रीलच्या गुळगुळीत स्पूलवर (लाइन गुंडाळायच्या फिरकीवर) थेट ब्रेडेड गुंडाळायचा. काम झटपट, दिसायला सुबक. गिऱ्हाईक तिकडे वळलं. भरणीच्या मशीनचं बेअरिंग बदलणंही आम्हाला जड जाऊ लागलं.

मग तीच रीलं ‘ड्रॅग (मासा जोरात ओढला की लाइन सोडणारा ब्रेक) गेला’ म्हणून आमच्याकडे येऊ लागली. ड्रॅग शाबूत असायचा. ब्रेडेड निसरडी, गुळगुळीत गाभ्याला ती धरतच नाही. मासा ओढू लागला की स्पूल जागेवर राहतो आणि लाइनचा अख्खा गुंडा त्यावर फिरतो. ड्रॅग पूर्ण आवळून लाइन ओढा, लगेच दिसेल. खाली मोनोचे ८-१० वेढे दिले तरी पकड मिळते. गाभ्यावर रबरी पट्टी असेल तर पकडीसाठी बॅकिंग लागत नाही, हेही आम्ही सांगतो.

बॅकिंगचा हिशेब व्यासाच्या वर्गावर चालतो. ०.३० मिमी मोनो २०० मीटर मावणाऱ्या स्पूलवर ०.२० मिमी ब्रेडेड १५० मीटर हवी असेल, तर २०० × ०.०९ = १८ आणि १५० × ०.०४ = ६. उरले १२, त्याला ०.०९ ने भागलं की १३३ मीटर बॅकिंग. पण ब्रेडेडच्या वेष्टनावरच्या जाडीवर भिस्त ठेवू नका. आमचे एक जुने गिऱ्हाईक, पेशानं फिटर, पडत्या काळातही आम्हाला सोडून गेले नाहीत. त्यांचा आग्रह उलट्या भरणीचा: रीलवर आधी ब्रेडेड, वर काठाच्या २ मिमी खालपर्यंत मोनो, मग सगळं एका रिकाम्या स्पूलवर, तिथून दुसऱ्यावर, आणि परत रीलवर. मोनो आपोआप तळाला जातो आणि काठ अचूक येतो. वेळ खातं, पण आम्ही हे गिऱ्हाइकासमोर करू लागलो तेव्हाच लोक परतले. ‘भेसळ’ हा शब्द त्या स्पर्धकानं आजवर मागे घेतलेला नाही.

जोडाला डबल युनी गाठ: ब्रेडेडकडे ८ वेढे, मोनोकडे ५. आवळण्याआधी ओली करा आणि टोकं अगदी जवळून कापा. मोनो फार ताणून भरू नका, ताणलेला नायलॉन आकसून स्पूल दाबतो. ब्रेडेड मात्र ओल्या फडक्यातून घट्टच भरा. उघड्या बोटांत धरलीत तर ती कातडी कापते. सैल राहिली तर ताणाखाली वरचा थर खालच्यात रुततो, पुढच्या फेकीला लाइन अडते आणि आमिष तुटून जातं. दुकानी स्पूल दांड्यावर फिरता ठेवा. कडेवरून सोडलीत तर पीळ पडतो. काठापर्यंत ठासून भरलीत तर वेढे एकदम सुटून गुंता होतो, आणि कमी भरलीत तर लाइन काठाला घासून फेक आखडते.

पुढचं टोक झिजलं म्हणून ब्रेडेड टाकून देऊ नका. उलटी करून भरा, आतली कोरी बाजू वर येते. बॅकिंग तेच चालतं, गाठ तेवढी नवी घाला.