‘ज्ञानेश्वर’ पंचवीसात मावेना

एका पतसंस्थेच्या सभासदांची नावं इंग्रजीतून मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं होतं. डेटाबेस ओरॅकलचा. टेबलातला नावाचा कॉलम आम्ही आधीच वाढवून ५० कॅरेक्टरचा केला होता, पण नावं भरणारी पीएल/एसक्यूएल (ओरॅकलची प्रोग्रॅमिंग भाषा) प्रोसिजर जुनीच होती. राम गेला, सुनीता गेली, आणि ज्ञानेश्वरपाशी काम अडलं. एरर आली ओआरए-०६५०२, कॅरेक्टर स्ट्रिंग बफर टू स्मॉल, म्हणजे मजकुरासाठी ठेवलेली जागा अपुरी.

प्रोसिजरच्या सुरुवातीला नावासाठी एक व्हेरिएबल होतं, व्हारकॅर२(२५), म्हणजे जास्तीत जास्त २५ लांबीचा मजकूर, आणि त्याच ओळीत त्याला पॅरामीटरमधली व्हॅल्यू दिलेली. लेंग्थ फंक्शनने नाव मोजलं तर उत्तर आलं १०. मग पंचवीसात दहा का मावू नयेत? खाली एक्सेप्शनमध्ये, म्हणजे एरर पकडायच्या भागात, ‘व्हेन अदर्स’ लिहून प्रत्येक एरर लॉग टेबलात टाकायची सोय होती. तिथंही नोंद नाही. अख्खी दुपार यात गेली.

संध्याकाळी लेंग्थबी, म्हणजे लांबी बाइटांत मोजणारं फंक्शन, चालवून पाहिलं. ३०! आपल्याला ज्ञा-ने-श्व-र अशी चार अक्षरं दिसतात. डेटाबेस मोजतो ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. हे झाले दहा, आणि यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. व्हारकॅर२(२५) मधले पंचवीस, वेगळं काही सांगितलं नसेल तर, बाइट असतात. सुनीता अठरा बाइटांत बसली होती. इंग्रजी स्पेलिंगचं प्रत्येक अक्षर एकेक बाइटाचं, म्हणून इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

लॉग रिकामा का, तेही मग उमगलं. डिक्लेरेशनच्या, म्हणजे व्हेरिएबल जाहीर करायच्या, ओळीतच एरर आली तर त्याच ब्लॉकचा एक्सेप्शन भाग ती पकडत नाही. ती थेट प्रोसिजरला बोलावणाऱ्या कोडकडे जाते. तेव्हापासून बाहेरून आलेली व्हॅल्यू मी बिगिनच्या खालीच, म्हणजे प्रोसिजरच्या मुख्य भागात, देतो. ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

पंचवीसचे पन्नास करायचा मोह झाला होता. पण पन्नास बाइट म्हणजे जेमतेम सोळा चिन्हं. त्याऐवजी सभासद.नाव%टाइप लिहिलं. आता व्हेरिएबल कॉलमचाच टाइप घेतं, बाइट की कॅरेक्टर हेही तिथूनच येतं. उद्या कॉलम बदलला तर प्रोसिजर इनव्हॅलिड होते आणि पुढच्या कॉलला आपोआप पुन्हा कंपाइल होते. कॉलमवरचं नॉट नल (रिकामं चालणार नाही ही अट) मात्र व्हेरिएबलवर येत नाही, ते स्वतः तपासावं लागतं.

मग मी उत्साहाने सगळीकडेच %टाइप लावत सुटलो आणि महिनाअखेरीस तीच ०६५०२ परत आली. हप्त्याचा कॉलम नंबर(८,२), एकूण आठ अंक आणि त्यातले दोन दशांशाचे, म्हणजे जास्तीत जास्त ९,९९,९९९.९९. शाखेच्या एकूण वसुलीचं व्हेरिएबलही मी हप्ता%टाइप केलं होतं, आणि बेरीज दहा लाखांवर गेली. एकूण रक्कम हा कुठल्याच कॉलमचा जुळा भाऊ नव्हता. नाव आणि आडनाव जोडून होणाऱ्या पूर्ण नावाचंही तसंच. अशांसाठी आता एका पॅकेजमध्ये सबटाइप (आपण नाव देऊन ठरवलेले टाइप) ठेवले आहेत: एकूण रकमेला नंबर(१४,२), पूर्ण नावाला व्हारकॅर२(१५० कॅर). ‘ज्ञानेश्वर क्षीरसागर’ अठ्ठावन्न बाइटांचं आहे, तेही पहिल्याच फेरीत गेलं.