सावलीतला आडोसा
आज दिवसभर मागच्या कुंपणापाशीच होते, तिथे मोठ्या झाडाची सावली, ऊन येतं ते सकाळी थोडा वेळ तिरकं, आणि झाडांचा आडोसा तर हवाच. त्यासाठी ड्युरांटाचं झुडूप, बोगनवेल सगळेच सुचवतात पण त्यांना भरपूर ऊन लागतं, सावलीत नुसत्या काड्या वर पळतात आणि खाली सगळं उघडं. म्हणून कामिनी (हेही एक झुडूपच) ठरवली, अर्धवट सावलीत फुलं कमी येतील पण ती गडद चकचकीत पानं टिकतात आणि छाटणीही छान सोसते. एकदम अंधाऱ्या कोपऱ्यात रॅपिस पाम, बुंध्यातून फुटवे काढत हळूहळू भरत जातो, मला तर फार आवडतो!! आणि हो, छाटताना वर अरुंद खाली रुंद ठेवायचं, म्हणजे खालच्या पानांनाही उजेड मिळतो.